पाण्यात सापडलेला माणूस

मुख्य शास्त्रज्ञांचा एक फोटो काढायचा, एवढंच ठरलं होतं. कंपनीची नवी माहितीपुस्तिका निघणार होती. कंपनी आनुवंशिक तपासण्या करणारी. रक्ताच्या चार थेंबांवरून माणसाला पुढच्या चाळीस वर्षांत काय काय होऊ शकतं ते सांगणारी. अशा कंपनीच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर शास्त्रज्ञ दिसला पाहिजे आणि त्याच्या हातात काहीतरी शास्त्रीय असलं पाहिजे, असं संचालकांचं मत पडलं. मागच्या पुस्तिकेत मुख्य शास्त्रज्ञांच्या हातात चहाचा कप होता. ते पान पाहून एका गुंतवणूकदाराने, तुमचं कँटीन चांगलं दिसतंय, एवढाच अभिप्राय दिला होता.

मुख्य शास्त्रज्ञांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. बावीस वर्षं त्यांनी स्वतःच्या हाताने काम केलं होतं आणि फार चांगलं केलं होतं. जो माणूस एखादं काम चांगलं करतो त्याला त्या कामावरून उठवून केबिनमध्ये बसवायचं, या सर्वमान्य पद्धतीप्रमाणे नऊ वर्षांपूर्वी त्यांना वरच्या मजल्यावर नेण्यात आलं. तेव्हापासून ते सह्या करत, बैठका घेत आणि पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत. थेंबाचाही शंभरावा भाग अचूक मोजून उचलणारी ती पिपेट नावाची वस्तू त्यांनी नऊ वर्षांत हातात धरली नव्हती. पण हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलेलं नव्हतं, आणि लक्षात आणून देणारा माणूस कंपनीने नेमलेला नव्हता.

खाली प्रयोगशाळेत ज्येष्ठ तंत्रज्ञ म्हणून ज्या बाई होत्या त्यांना सगळे ताई म्हणत. वयाने मोठे असलेलेसुद्धा. सरांनी वर जाण्याआधी ज्यांना हाताला धरून काम शिकवलं, त्यांतल्या त्या शेवटच्या. अकरा वर्षं त्या इथे होत्या आणि अकराही वर्षं एकेका वर्षाच्या करारावर. करार संपायचा महिना आला की त्यांचं जेवण उतरायचं आणि नवा करार हातात पडला की पुन्हा चढायचं. यंदा मात्र त्यांना कायम करायचं ठरलं होतं. पत्र टाइप होऊन सरांच्या टेबलावर पडलं होतं. फक्त सही राहिली होती.

"हे फोटोचं एकदा उरकू दे," सर म्हणाले होते, "मग निवांतपणे करतो सही."

सहीला निवांतपणा कशाला लागतो, हे ताईंनी विचारलं नाही. अकरा वर्षांत त्यांनी न विचारलेल्या प्रश्नांत आणखी एकाची भर पडली.

फोटोच्या दिवशी सर खाली आले ते नवा पांढरा कोट घालून. घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. फोटोग्राफरने त्यांच्या हातात रिकामी पिपेट दिली तशी त्यांनी ती परत केली.

"मी नट नाही," ते म्हणाले. "खरं काम चालू असेल तर फोटो काढा. ताई, आजची प्लेट कुठली आहे?"

प्लेट म्हणजे शहाण्णव खळगे असलेला तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा. चौऱ्याण्णव खळग्यांत चौऱ्याण्णव माणसांचे नमुने, एकात आधीपासून उत्तर माहीत असलेला नमुना, आणि शेवटच्या खळग्यात नुसतं शुद्ध पाणी. सरांच्या हातात रुग्णाचा नमुना देणं शक्यच नव्हतं. ताईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांना पाण्याचा खळगा दिला. पाण्यात काय बिघडवणार, असा त्यांचा साधा हिशेब होता.

आता, त्या पाण्याचं काम काय? तर काहीच न निघणं. सगळ्या प्लेटची तपासणी झाल्यावर पाण्याच्या खळग्यात काही सापडलं नाही, तर बाकीच्यांचे निकाल खरे. पाण्यातही कुणी सापडलं, तर बाहेरचं काहीतरी आत शिरलं आहे असं समजून सगळी प्लेट बाद. म्हणजे ज्या खळग्यात काही नसतं तोच सगळ्यांत नाजूक. ताई हे नव्या मुलींना दर वर्षी शिकवत असत. पण साहेबाला काम देताना माणूस त्यातल्या त्यात बिनमहत्त्वाचं दिसणारं काम शोधतो, आणि घाईत शोधतो.

"सर, मास्क," ताई म्हणाल्या.

"मास्क नको," फोटोग्राफर म्हणाला. "चेहरा दिसायला हवा. नाहीतर तुमच्याऐवजी कुणालाही उभं करता येईल की."

हे सरांना पटलं. ते उघड्या प्लेटवर ओणवे झाले आणि फोटोग्राफरला समजावून सांगू लागले. "हे जे पाणी आहे ना, हा आमच्या सगळ्या कामाचा आत्मा. इथे शुद्धता म्हणजे शुद्धता. साधी शिंकसुद्धा चालत नाही." हे वाक्य त्यांनी चार वेळा म्हटलं, कारण पहिल्या तिन्ही फोटोंत त्यांचे डोळे मिटलेले आले. पिपेटचं टोक खळग्यात होतं, सरांचं तोंड त्याच्यावर वीतभर अंतरावर होतं, आणि शुद्धतेवरचं भाषण नेमकं त्या वीतभर अंतरातून खाली पडत होतं.

फोटो संपल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "सर, ही प्लेट फोटोपुरती ठेवू या. मी दुसरी लावते."

सरांचा चेहरा उतरला. "का? माझ्या हातचं पाणी चालत नाही का?"

"तसं नाही, सर..."

"बावीस वर्षं केलंय मी हे. तुला मीच शिकवलंय."

टेबलावरचं पत्र ताईंच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी प्लेट यंत्रात लावली. नोंदवहीत प्लेट कुणी लावली त्या रकान्यात त्यांनी स्वतःची सही केली, कारण तिथे एकाच सहीची जागा होती. पण खोटं लिहायची सवय नसल्यामुळे त्यांनी शेजारच्या 'शेरा' या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: पाणी सरांनी घातले, मास्क नव्हता. शेऱ्याचा रकाना कंपनीत आजवर कुणी वाचल्याचं ऐकिवात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी यंत्राने निकाल दिला. पाण्यात माणूस सापडला होता. पुरुष होता.

चौऱ्याण्णव निकाल थांबले. चौऱ्याण्णव घरी 'तांत्रिक कारणामुळे विलंब' असे निरोप गेले. सगळे नमुने पहिल्यापासून तपासायला घ्यावे लागले आणि ते काम अर्थातच ताईंच्या गळ्यात पडलं. निकालाची वाट पाहणाऱ्यांत एक गरोदर बाई होती. ती रोज सकाळी फोन करून विचारायची आणि ताई रोज सकाळी तिला आणखी दोन दिवस थांबायला सांगायच्या. या सगळ्यात खरी भीती कुणाला वाटली असेल तर त्या बाईला, पण तिच्या भीतीसाठी समिती नेमली गेली नाही.

सर मात्र पेटून उठले. त्यांनी त्याच दुपारी परिपत्रक काढलं. जोरदार वाक्यं लिहिण्यात त्यांचा हातखंडा होता. 'शुद्धतेशी तडजोड करणारी व्यक्ती कोणत्याही पदावर असो, तिची गय केली जाणार नाही. या घटनेच्या मुळाशी जाण्यात येईल व मुळाशी जो कोणी असेल त्याला प्रयोगशाळेत स्थान राहणार नाही.' खाली सही. सही करायला या खेपेला निवांतपणा लागला नाही.

चौकशी गुणवत्ता अधिकाऱ्यांकडे आली. या गृहस्थांना सगळे माघारी 'परिशिष्ट' म्हणत, कारण त्यांचं कुठलंही बोलणं कुठल्यातरी नियमाच्या परिशिष्टाशी जाऊन संपत असे. ताई नोंदवही घेऊन सरळ त्यांच्याकडे गेल्या आणि शेऱ्यावर बोट ठेवलं. परिशिष्टांनी चष्मा वर केला, वाचलं आणि वही अलगद मिटली.

"ताई, शेरा हा पुरावा नसतो."

"पण खरं तेच लिहिलंय मी."

"खरं असेल हो. पण ही शास्त्रीय संस्था आहे. इथे खरं असून भागत नाही, सिद्ध व्हावं लागतं." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "तुमचं कायमचं पत्र त्यांच्याच टेबलावर आहे ना? मग कशाला उगाच?"

ताई प्रयोगशाळेत परतल्या. एव्हाना प्रयोगशाळेतल्या अकराही जणांना, दारावरच्या पहारेकऱ्याला आणि कँटीनवाल्या मावशींना पाण्यातला माणूस कोण ते माहीत झालं होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्या माणसाला. त्यामुळे चौकशी संपूर्ण शास्त्रीय पद्धतीने सुरू झाली.

सर सोडून प्रत्येक पुरुषाच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेण्यात आला. आधी प्रयोगशाळेतल्या चार पुरुषांचा. कुणाचाच जुळला नाही. मग सरांनी आदेश दिला की त्या दिवशी दाराच्या वहीत ज्यांची नोंद आहे अशा सगळ्या बाहेरच्या पुरुषांना बोलवा. त्यांत सफाई करणारे मामा होते.

"मी आत कुठं जातोय?" मामा घाबरून म्हणाले. "मी दारातनंच फडकं फिरवतो."

"दारातून? मग कोपरे?"

मामांनी जीभ चावली. कोपरे गेली सहा वर्षं कुणी पुसले नव्हते, असं निष्पन्न झालं. त्यावर स्वतंत्र चौकशी लागली. वातानुकूलन यंत्र दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, तर तो म्हणाला की मी त्या दिवशी आत आलोच नव्हतो, फक्त दारावर सही करून गेलो. त्यावर तिसरी चौकशी लागली. फोटोग्राफर तर हमरीतुमरीवर आला.

"मी फोटो काढतो, साहेब, थुंकत नाही."

"थुंकावंच लागतं असं नाही," सर त्याला शांतपणे समजावत म्हणाले. "नुसतं बोललं तरी पुरतं. त्या दिवशी प्लेटजवळ तुम्ही फार बोलत होतात का? आठवून पाहा."

फोटोग्राफरने ताईंकडे पाहिलं. ताईंनी भिंतीकडे पाहिलं. काडी त्याच्याही गालातून फिरली, आणि तोही जुळला नाही. शेवटी पाणी पुरवणाऱ्या कारखान्याला पत्र गेलं. त्यांचं उत्तर आलं की आमच्या इथे पाणी यंत्र भरतं आणि आमच्या यंत्राला तोंड नाही.

खरी गंमत अशी की सर या दिवसांत फार आनंदात होते. रोज सकाळी ते खाली यायचे, आलेख मागायचे, डोळे बारीक करून पाहायचे. पाण्यातल्या माणसाबद्दल त्यांना एक प्रकारचा जिव्हाळाच उत्पन्न झाला होता. "हुशार आहे," ते म्हणायचे. "कुठेही सापडत नाही." नऊ वर्षांनी त्यांना शोधायला काहीतरी मिळालं होतं. ताईंना त्यांची कीव आली, आणि कीव येण्याइतकी आपली नोकरी पक्की नाही हे आठवून स्वतःचा रागही आला.

घरी सासूबाईंना हे प्रकरण रोज नव्याने सांगावं लागे.

"पाण्यात माणूस सापडला म्हणजे पोलीस का नाही बोलावले?"

"तसा माणूस नाही हो, आई. त्याचा अंश. थुंकी, बोलताना उडते ती."

"मग तुमच्या सरांचीच असेल. फोटोच्या वेळी तेच बोलत होते म्हणालीस ना?"

नवऱ्याने ताटातून मान वर केली. तो शाळेत गणित शिकवायचा. "आईला जे पाच मिनिटांत कळलं ते तुमच्या कंपनीला तीन आठवडे कळत नाही?"

"कळलंय," ताई म्हणाल्या. "तेच तर."

"मग तू सांगू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आधी सही होऊ दे."

बेतही तोच होता. पण दुसऱ्याच दिवशी सरांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर त्यांनी पाण्यातल्या माणसाचा आलेख मोठा करून लावला होता. डोंगरांची रांग असावी तशी उंच-सखल टोकं. प्रत्येक माणसाची रांग वेगळी. "बघ जरा," ते म्हणाले. "तुझी नजर ताजी आहे."

ताईंनी पडद्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, आणि सरांच्या डोक्याच्या वर त्यांची नजर अडकली. कंपनीला दहा वर्षं झाली तेव्हा सगळ्या वरिष्ठांना त्यांच्या स्वतःच्या आनुवंशिक आलेखाची सोनेरी चौकटीतली तसबीर भेट देण्यात आली होती. सरांची तसबीर त्यांच्या खुर्चीमागेच टांगलेली होती. पहिलं टोक उंच, दुसरं बुटकं, मग जोडीने दोन उंच. ताईंनी पडदा पाहिला. पहिलं टोक उंच, दुसरं बुटकं, मग जोडीने दोन उंच.

"काय बघतेस?"

"काही नाही, सर," ताईंच्या तोंडून निघून गेलं. "तसबीर जरा तिरकी झाली आहे."

सर उठले. नीटनेटकेपणाची त्यांना आवड होती. तसबीर सरळ करायला त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि हात तसेच राहिले. शेवटी बावीस वर्षं त्यांनी असेच आलेख वाचले होते. त्यांचे कान आधी लाल झाले, मग पांढरे.

"दार लाव," ते म्हणाले. ताई दार लावून आत यायला निघाल्या तेव्हा म्हणाले, "तू बाहेरून लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कर्मचाऱ्यांना खालच्या सभागृहात बोलावण्यात आलं. संचालकही आले. ताईंना वाटलं, आता कारखान्याच्या पाण्यावर खापर फुटणार आणि प्रकरण मिटणार. पण सर व्यासपीठावर चढले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "पाण्यात सापडलेला माणूस मी आहे."

ही बातमी आपण प्रथमच ऐकतो आहोत असा चेहरा करायला लोकांना थोडा वेळ लागला. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो थांबेना. मावशींनी डोळे पुसले. संचालकांनी सरांना मिठी मारली. "चूक तर कुणीही करतो," ते म्हणाले, "पण एवढ्या पदावरचा माणूस ती कबूल करतो, हे फक्त आपल्याकडे घडतं." फोटोग्राफरला परत बोलावण्यात आलं. पुस्तिकेचं पहिलं पान बदललं. आता त्यावर सर हातात माइक घेऊन उभे होते आणि खाली छापलं होतं: आम्ही लपवत नाही.

ताईंनीही मनापासून टाळ्या वाजवल्या. सर माणूस म्हणून वाईट नाहीत, असं त्यांना नेहमीच वाटत आलं होतं. त्याच दुपारी परिशिष्टांनी त्यांना बोलावलं.

"अहवाल पूर्ण करायचा आहे," ते म्हणाले. "परिपत्रकात मुळाशी जायचं म्हटलंय. मूळ कारण लिहावं लागेल."

"आता काय राहिलं? सरांनी सांगितलं की."

"सर हे कारण नव्हेत, ताई. सर हा परिणाम आहे. ज्या व्यक्तीचं यंदाचं प्रशिक्षण झालेलं नाही तिच्या हातात पिपेट दिली कुणी? त्या प्लेटवर सही कुणाची?"

"मी दुसरी प्लेट लावते म्हणाले होते. मास्क लावा म्हणाले होते."

"तसं कुठे लिहिलेलं नाही. उलट मास्क नव्हता, हे तुम्हाला दिसत होतं आणि तरीही तुम्ही प्लेट लावलीत, असं तुमच्याच अक्षरात आहे." त्यांनी नोंदवही उघडून शेऱ्यावर बोट ठेवलं.

"शेरा हा पुरावा नसतो म्हणालात तुम्ही!"

"तेव्हा नव्हता. आता कबुली आली ना. कबुलीमुळे शेऱ्याला बळकटी आली." हे सांगताना परिशिष्टांनाही बरं वाटत नव्हतं. त्यांनी ताईंसाठी चहा मागवला.

ताई वर गेल्या. सरांनी त्यांना बसायला सांगितलं. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता.

"मला फार वाईट वाटतंय, अगं. पण मीच सर्वांसमोर नियमांबद्दल बोललो. आता तुझ्यासाठी नियम वाकवला तर माझ्या कबुलीला काय अर्थ राहिला?"

"म्हणजे ते पत्र..."

"ते आता नाही करता येणार. करारही पुढे वाढवता येत नाही, परिशिष्ट म्हणतात." टेबलावरून ते पत्र केव्हाच नाहीसं झालं होतं. त्या जागी भाषणांची निमंत्रणं होती. 'चुकीची कबुली: एका शास्त्रज्ञाचा अनुभव' या विषयावर सरांना चार ठिकाणांहून बोलावणं आलं होतं.

एवढ्यावर ताईंची गोष्ट संपली असती. पण अहवालाला सुधारणा जोडावी लागते, आणि परिशिष्टांनी नियमाप्रमाणे ती जोडली होती: मुख्य शास्त्रज्ञांनी पिपेटचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावी. सह्या झाल्यावर कुणाच्यातरी लक्षात आलं की प्रशिक्षण देण्याचा आणि परीक्षा घेण्याचा अधिकार कंपनीत एकाच व्यक्तीला आहे, आणि त्या व्यक्तीचा करार महिनाअखेर संपतो. मोठी धावपळ झाली. शेवटी ताईंच्या हातात एका ओळीचं पत्र पडलं: मुख्य शास्त्रज्ञ उत्तीर्ण होईपर्यंत आपली नेमणूक चालू राहील.

नवऱ्याने ते पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे ते नापास होत राहिले तर?"

"तर मी राहते."

सासूबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "अगं मग रडतेस काय? परीक्षा तुझ्या हातात आहे. कर नापास, जन्मभर!"

पहिल्या महिन्यात ताईंना काही करावंच लागलं नाही. परीक्षा साधी होती. वीस खळगे, दहांत नमुने घालायचे, दहांत पाणी, आणि पाण्यात काही सापडता कामा नये. सरांचा हात थरथरत होता. पाण्याच्या दहा खळग्यांपैकी सहांत काही ना काही निघालं. ताईंनी 'अनुत्तीर्ण' या चौकोनात खूण केली. दुसऱ्या महिन्यात तीनांत निघालं. पुन्हा खूण. घरी सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं की सुनेची नोकरी आता साहेबाच्या हाताच्या थरथरीवर कायम झाली.

पण सरांनी मनावर घेतलं होतं. भाषणांहून परतले की ते कोटाच्या बाह्या वर सारून खाली येऊन बसत. घरीही स्वयंपाकघरात पाणी मोजत बसत, तेव्हा त्यांच्या बायकोने निवृत्तीनंतर औषधांचं दुकान टाकायचा विचार आहे का, असं विचारलं म्हणे. "अंगठा एकदम सोडू नका, सर, हळूहळू सोडा," ताई सांगत. अकरा वर्षांपूर्वी हेच शब्द सर त्यांना सांगत असत. त्यांनी शिकवलेलं सगळं ताईंनी त्यांना जसंच्या तसं परत केलं. नीट न शिकवण्याचा विचारही मनात येऊन गेला, पण तसं कसं शिकवायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात सरांचा हात स्थिर होता. मास्क होता, तोंड बंद होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी यंत्रावर निकाल उघडला. दहाच्या दहा खळग्यांत काही नव्हतं. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. निकालाचा आलेख कुणी मागणार नव्हतं. परिशिष्ट फक्त चौकोनातली खूण पाहत. ताईंनी कागद पुढे घेतला. त्यांना सासूबाई आठवल्या, मुलीची शाळा आठवली, चाळिशीनंतर दुसरीकडे अर्ज करताना 'आधीची नोकरी का सोडली' या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न आठवला. मग त्यांनी खूण केली, तारीख घातली, सही केली आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

दुपारी सर स्वतः खाली आले. हातात तोच कागद होता. ताई कपाटातल्या आपल्या वस्तू पिशवीत भरत होत्या.

"मी पास झालो," ते म्हणाले.

"हो, सर. अभिनंदन."

"तुला मला नापास करता आलं असतं."

"आलं असतं."

"कुणी तपासलंही नसतं."

"नसतं तपासलं."

"मग?"

ताईंना या प्रश्नाचा जरा अचंबाच वाटला. "पाणी स्वच्छ होतं, सर," त्या म्हणाल्या.

सरांचे डोळे भरून आले. ते खरोखरच भरून आले होते, त्यात नाटक नव्हतं, हे ताईंना कळत होतं. सरांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. ताई पिशवी भरायच्या थांबल्या, कारण पत्रावर सही करायला पेन खिशातूनच काढावं लागतं. सरांनी पेन काढलंही. त्याच्या मागोमाग एक छोटी वही काढली.

"पुढच्या आठवड्यात माझं मोठं भाषण आहे," ते म्हणाले. "प्रामाणिकपणावरच. शेवटी हे तुझं वाक्य घेतलं तर चालेल ना? नाव अर्थातच नाही घेणार."

"घ्या की," ताई म्हणाल्या.

सरांनी वही उघडली, पण तेवढ्यात त्यांना शब्द नीट आठवेनात. तेव्हा ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि ते वाक्य त्यांना पुन्हा एकदा, त्यांचं लिहून होईपर्यंत, सावकाश सांगितलं.